आठ आठवड्यांचं अकाउंट्स

एप्रिलच्या शेवटी भेटायला येणाऱ्या पालकांचा प्रश्न हल्ली बदलला आहे. पूर्वी विचारायचे, ‘सर, सुट्टीत टॅलीचा क्लास लावू का?’ आता विचारतात, ‘सर, कॉलेजात उन्हाळी सत्र आहे म्हणे. अकाउंट्स त्यात उरकून टाकावं का?’ त्यातलं ‘उरकून’ मला खटकतं. बाजार उरकतो, पाहुणचार उरकतो. अकाउंट्स उरकायला घेतलं की पुढच्या सत्रात ते पुन्हा दारात उभं राहतं. पण प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सरसकट हो किंवा नाही असं देता येत नाही.

आधी हे सत्र आलं कुठून ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीसाठी नवा अभ्यासक्रम व क्रेडिट आराखडा जाहीर केला. त्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ आठवड्यांचं सत्र घेण्याची मुभा आहे. या काळात इंटर्नशिप करता येते, राहिलेला विषय काढता येतो किंवा एखादा जादा विषय जलद गतीने शिकता येतो. पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवून प्रमाणपत्र घ्यायचं असेल, तर किमान ४० क्रेडिट आणि शिवाय उन्हाळ्यात चार क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम, अशीही सोय त्यात आहे. मात्र आराखड्यात आहे म्हणजे तुमच्या कॉलेजात असेलच असं नाही. शिक्षक उपलब्ध आहेत का आणि मुलं किती येतात, हे पाहून कॉलेज ठरवतं. मे महिन्यात शिकवायला उभं राहणारा अकाउंट्सचा शिक्षक मिळणं ही साधी गोष्ट नाही. त्याच्याकडे पेपर तपासणीचे गठ्ठे असतात, आणि घरी त्याचीही मुलं सुट्टीवर असतात.

विषयच हिशेबाचा, तेव्हा गणित मांडूनच पाहू. एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचं अध्यापन. चार क्रेडिटच्या विषयाचे झाले ६० तास. नेहमीच्या सत्रात १५ आठवडे असतात, म्हणजे आठवड्याला चार तास. तेच ६० तास आठ आठवड्यांत बसवले, तर आठवड्याला साडेसात तास होतात. पाच दिवस, रोज दीड तास. ऐकायला हलकं वाटतं. पण अकाउंट्सच्या वर्गातल्या एका तासामागे घरी दोन तास वहीवर गेले नाहीत, तर तो तास वाया गेला, असा माझा अनुभव आहे. म्हणजे रोजचे साडेचार तास एकाच विषयाला. आता त्यात लग्नसराई घाला. मावशीच्या मुलीचं लग्न आहे, चार दिवस गावाला जायचं आहे. नेहमीच्या सत्रात चार दिवसांची रजा भरून निघते. इथे त्या चार दिवसांत सहा तास बुडतात, म्हणजे एरवीचा दीड आठवडा.

अर्थशास्त्राचं एखादं प्रकरण बुडालं तर पुढचं समजायला फारसं अडत नाही. अकाउंट्समध्ये रोजकीर्द नीट झाली नाही तर खतावणी चुकते, खतावणी चुकली तर तेरीज जुळत नाही, आणि तेरजेशिवाय ताळेबंद मांडणार कशावर? त्यामुळे या विषयात मागे पडलेला विद्यार्थी रोज थोडा थोडा अधिक मागे पडतो. आठ आठवड्यांत सावरायला वेळच नसतो.

तरीही काही मुलांना मी हे सत्र आवर्जून घ्यायला सांगतो. एरवी पाच-सहा विषयांच्या गर्दीत अकाउंट्सच्या वाट्याला उरलेला वेळ येतो. उन्हाळ्यात ते एकटंच असतं, रोज भेटतं, आणि काल सोडवलेलं उदाहरण आज हाताला आठवत असतं. एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. तिच्या तेरजेत ५४० रुपयांचा फरक येत होता. नेहमीच्या सत्रात असं झालं की मुलं तो फरक ‘उचंती खात्यात’ टाकून पुढे जातात, कारण घंटा झालेली असते. त्या दिवशी आम्हाला घाई नव्हती. मी सांगितलं, आधी फरक निम्मा कर. २७० रुपयांची एखादी रक्कम नावेऐवजी जमेला तर गेली नाही ना, बघ. नव्हती गेली. मग म्हटलं, ५४० ला नऊने भाग. भाग पूर्ण गेला, ६० आले. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला की शेजारशेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायचा. ती एकेक खातं बघत गेली आणि भाड्यापाशी थांबली. रोजकिर्दीत ६,९३० होते, तेरजेत ६,३९०. यात पाऊण तास गेला असेल. पण त्यानंतर तिला अकाउंट्सची भीती वाटली नाही.

म्हणूनच ‘त्यापेक्षा टॅली शिकवलं तर?’ या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे. टॅली जरूर शिका, पण हाताने शिकल्यावर. नावे आणि जमा सारखे झाल्याशिवाय टॅली व्हाउचर जतनच करू देत नाही. त्यामुळे तिथे तेरीज नेहमीच जुळलेली दिसते आणि मुलाला वाटतं, आपलं सगळं बरोबर आहे. पण यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च त्याने यंत्र खात्यातच टाकला, तरी तेरीज जुळतेच. नफा फुगतो, मालमत्ता फुगते, आणि पडद्यावर एकही लाल अक्षर येत नाही. ही चूक संगणकाला कळत नाही. ती कळायला खर्च कशाला म्हणायचं आणि मालमत्ता कशाला, हे डोक्यात स्पष्ट असावं लागतं. सरावापुरतं टॅली हवं असेल तर त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही. परवान्याशिवाय ते शैक्षणिक पद्धतीत चालतं. त्यात महिन्याच्या फक्त पहिल्या, दुसऱ्या आणि ३१ तारखेच्या नोंदी करता येतात. शिकायला तेवढ्या पुरतात.

आता कोणी घ्यावं? पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षी अकाउंट्सला एटीकेटी लागली आहे आणि बाकीचे विषय सुटले आहेत, अशा मुलाने घ्यावं. विज्ञान किंवा कला शाखेतून येऊन लेखाशास्त्र गौण विषय म्हणून घेणाऱ्यालाही हे सत्र सोयीचं पडतं. एटीकेटीवाल्यांना एक सूचना आहे. नापास होण्याचं कारण बहुतेक वेळा त्या पेपरात नसतं, ते अकरावीत असतं. सत्र सुरू होण्याआधी दोन आठवडे बालभारतीचं अकरावीचं पुस्तपालन व लेखाकर्माचं पुस्तक काढा. ई-बालभारतीवर ते विनामूल्य मिळतं. बँक जुळवणी पत्रक, घसारा, चुकांची दुरुस्ती आणि एकल मालकाची अंतिम खाती एवढं हाताखालून जाऊ द्या. मग उन्हाळी वर्गात शिक्षकाचं बोलणं कानावरून जाणार नाही.

मराठी माध्यमातून बारावी केलेल्यांची अडचण थोडी वेगळी असते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. मुलाला घसारा छान कळलेला असतो, पण फळ्यावर ‘डेप्रिसिएशन’ आलं की तो गोंधळतो. धनको आणि ऋणको पाठ असतात, ‘डेटर’ कोण आणि ‘क्रेडिटर’ कोण यात उलटापालट होते. अशा मुलाला विषय येत नाही असं समजून घरचे शाखा बदलायचा विचार करू लागतात. तसं करू नका. वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने आखा, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. रोज दहा शब्द लिहिले, तरी ही अडचण पंधरा दिवसांत संपते.

कोणी घेऊ नये, हेही सांगतो. सी.ए. फाउंडेशनची तयारी करणाऱ्यांनी कॉलेजच्या उन्हाळी सत्राच्या वाटेला जाऊ नये. फाउंडेशनची परीक्षा आता वर्षातून तीनदा होते, जानेवारीत, मे-जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. नोंदणी आणि परीक्षा यांत चार महिन्यांचं अंतर लागतं. सप्टेंबरला बसायचं तर १ मे ही तारीख महत्त्वाची ठरते, आणि ती नेमकी सुट्टीच्या धांदलीत येते. संस्थेच्या संकेतस्थळावर त्या वर्षीची तारीख स्वतः बघा, क्लासच्या जाहिरातीवर विसंबू नका. शंभर-शंभर गुणांचे चार पेपर असतात. प्रत्येकात किमान ४० टक्के आणि सगळे मिळून ५० टक्के लागतात. त्यात अकाउंट्सचा पेपर लेखी, तर क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड आणि अर्थशास्त्र हे वस्तुनिष्ठ असतात. वस्तुनिष्ठ पेपरात चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. चारही विषय एकदम सांभाळायचे असताना कॉलेजच्या एका पेपरात उन्हाळा घालवणं परवडत नाही. आणि फाउंडेशन जमलं नाही म्हणून सी.ए.चा रस्ता बंद होत नाही. वाणिज्य पदवीला ५५ टक्के असतील तर थेट इंटरमिजिएटला जाता येतं. दुसऱ्या शाखेच्या पदवीला त्यासाठी ६० टक्के लागतात. घाबरलेल्या आईवडिलांना हे वाक्य मला दर मे महिन्यात पुन्हा पुन्हा ऐकवावं लागतं.

विषयाऐवजी इंटर्नशिप घेणाऱ्यांसाठी महाराष्ट्रातला उन्हाळा फार उत्तम काळ आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपलेलं असतं. एप्रिलमध्ये बँकांच्या शाखांचं लेखापरीक्षण चालतं. त्यानंतर सी.ए.च्या कार्यालयात सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या फायली येऊन पडतात, कारण त्यांचं लेखापरीक्षण जुलैअखेर व्हायला हवं असतं. इंटर्नशिपच्या एका क्रेडिटचे साधारण ३० तास, म्हणजे चार क्रेडिटचे १२०. रोज तीन तास गेलं तरी आठ आठवड्यांत पुरे होतात. विद्यावेतनाची फार अपेक्षा ठेवू नका. सुरुवातीला झेरॉक्स काढायला आणि व्हाउचरवर क्रमांक घालायला लावतील. आठवडाभर ते निमूट करा आणि मग एका संस्थेचं बँक जुळवणी पत्रक मला करू द्या, अशी विनंती करा. वर्गात पाच नोंदींचं उदाहरण असतं, इथे वर्षभराच्या पासबुकाशी गाठ पडते.

कार्यालय मिळालं नाही तर आपल्याच सोसायटीचा वार्षिक अहवाल मागून घ्या. सभासदाच्या घरात तो बहुधा कपाटावर पडलेलाच असतो. त्यात सिंकिंग फंड शोधा. आदर्श उपविधींनुसार तो वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का जमा करायचा असतो. आपल्या सोसायटीत तो तेवढा जमतो का आणि तो ताळेबंदाच्या कोणत्या बाजूला बसला आहे, एवढं मुलाने शोधून सांगितलं तरी त्याची एक दुपार सार्थकी लागली. (सचिवांना ते आवडेल याची हमी मी देत नाही.)

परदेशात शिकणाऱ्या मुलांचे पालकही विचारतात, तेव्हा त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत उन्हाळी सत्र जुनं आहे आणि आपल्यापेक्षा कितीतरी वेगवान. तिथे तीन क्रेडिटचा प्राथमिक लेखाशास्त्राचा विषय पाच-सहा आठवड्यांतही शिकवतात. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलाने एक शैक्षणिक वर्ष पूर्ण केलं असेल आणि पुढच्या सत्राला तो परतणार असेल, तर उन्हाळ्यात वर्ग घेण्याची सक्ती नसते. त्यामुळे ‘सगळे घेतात म्हणून’ फी भरू नका. शिष्यवृत्ती उन्हाळ्याला लागू आहे का, तेही आधी विचारा. तिथल्या सी.पी.ए. परवान्यासाठी बहुतेक राज्यांत १५० क्रेडिट तास लागत आले आहेत, म्हणून मुलं उन्हाळ्यात क्रेडिट गोळा करतात. आता काही राज्यांनी पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असा पर्याय खुला केला आहे. परवाना ज्या राज्यात हवा, तिथला नियम वाचूनच विषय निवडा.

इकडे, कॉलेजात फी भरण्यापूर्वी पालकांनी कार्यालयात जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. हे क्रेडिट मुलाच्या शैक्षणिक क्रेडिट बँकेच्या खात्यात जमा होणार का? परीक्षा सत्र संपताच होणार की थेट हिवाळ्यात? शिकवणार कोण, नेहमीचे शिक्षक की आयत्या वेळी बोलावलेले? आणि मुलगा पुन्हा अडकला तर पुढची संधी कधी? यातल्या पहिल्या दोन प्रश्नांना लेखी उत्तर मिळत नसेल, तर त्या कॉलेजचं उन्हाळी सत्र सोडून द्या आणि घरीच अभ्यास करून नेहमीच्या परीक्षेला बसू द्या. त्यात काही कमीपणा नाही.

उत्तरं मनासारखी मिळाली तर घ्या. पण या आठ आठवड्यांत जोडीला इंग्रजी संभाषण, शेअर बाजार आणि एक्सेल असे तीन क्लास लावू नका. सकाळचा वर्ग, दुपारी वही, संध्याकाळी मुलाला मोकळं सोडा. आणि फी भरण्याआधी घरातल्या लग्नांच्या तारखा पाहून घ्या.