‘गोरेगाव’चे एकवीस बाइट

गोरेगाव स्थानकाच्या पाटीवरील नाव आपण एका नजरेत वाचतो. संगणकाच्या फाईलमध्ये मात्र हे नाव अक्षररूपाने नसते. तेथे असतात केवळ संख्या. आठ बिटांचा एक बाइट होतो आणि त्यात ० ते २५५ यांपैकी एक संख्या मावते. फाईल वाचताना हे बाइट संगणकाच्या स्मृतीत ओळीने आणून ठेवले जातात. पण एवढ्याने मजकूर हाती येत नाही. कोणती संख्या म्हणजे कोणते अक्षर, हा संकेत ठाऊक असावा लागतो.

भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली ‘इस्की’ हा संकेत प्रसिद्ध केला. त्यात ‘ग’साठी एकच बाइट आहे : १८१. आज रूढ असलेल्या युनिकोडमध्ये ‘ग’चा क्रमांक २३२७ आहे. तो एका बाइटात मावत नाही. म्हणून ‘यूटीएफ-८’ पद्धतीत तो तीन बाइटांत लिहितात : २२४, १६४, १५१. द्विमान पद्धतीत हेच बाइट असे दिसतात :

१११००००० १०१००१०० १००१०१११

पहिल्या बाइटाच्या आरंभी तीन वेळा १ व नंतर ० आहे. याचा अर्थ, हे चिन्ह तीन बाइटांचे आहे. पुढचे दोन्ही बाइट १० ने सुरू होतात. ही ‘मागील चिन्ह पुढे चालू’ अशी खूण होय. या खुणा वगळून उरलेले अंक सलग मांडा : ००००१००१०००१०१११. म्हणजेच २०४८ + २५६ + १६ + ४ + २ + १ = २३२७. आपला ‘ग’ सापडला!

‘गोरेगाव’मध्ये ग, ओकाराची मात्रा, र, एकाराची मात्रा, ग, काना आणि व अशी ७ चिन्हे आहेत, म्हणून बाइट झाले २१. आता समजा, एखादी आज्ञावली एका खेपेस १६ बाइट आणते व लगेच त्यांची अक्षरे करते. पहिल्या १५ बाइटांत ‘गोरेग’ पुरे होते. सोळावा बाइट मात्र कान्याचा पहिला तुकडा आहे. त्याचे उरलेले दोन तुकडे पुढच्या खेपेत येतात. दोन्ही खेपा वेगवेगळ्या वाचल्या, तर काना कोठेच जुळत नाही व त्याच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. उपाय सोपा आहे. अपुरा राहिलेला बाइट स्मृतीत राखून ठेवावा, पुढच्या खेपेच्या आरंभी जोडावा आणि मगच अक्षर करावे.

संकेतच चुकला तर? १९९० च्या दशकातील अनेक मराठी फाँटांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवले होते, आणि त्यांच्या मांडण्या निरनिराळ्या होत्या. अशा जुन्या फाईलचे सारे बाइट आजही शाबूत असू शकतात. पण तो फाँट वा त्याचा तक्ता हाती नसेल, तर डोळ्यांपुढे येतो तो निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग. अशी फाईल खराब झाली असे समजून पुसू नका. तिची मूळ प्रत तशीच जपा आणि फाँटचे नाव टिपून ठेवा. विशेषतः प्रश्नचिन्हे दिसत असताना ती फाईल पुन्हा साठवू नका, कारण मग मूळ बाइटांच्या जागी प्रश्नचिन्हांचेच बाइट बसतात.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. ‘विज्ञान’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये किती बाइटांचा? ‘ज्ञ’ म्हणजे ज, हलन्ताची खूण आणि ञ, हे विसरू नका. उत्तर ‘गोरेगाव’इतकेच आले, तर तुमचे गणित बरोबर आहे.