घरचे जड पाणी

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, बारामती व इंदापूर तालुक्यांत, पुष्कळ विहिरींचे पाणी जड असते. त्यात साबणास फेस येत नाही व डाळ लवकर शिजत नाही. याचे कारण चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार होत. उकळल्याने जडपणाचा काही अंशच जातो. सबब यंत्र घेण्यापूर्वी पाणी तपासून घ्यावे. भारतीय मानकानुसार (२०१२) लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा इष्ट. अन्य सोय नसल्यास ६०० पर्यंत चालतो.

यंत्रातील राळेचे मणी चुना धरतात व सोडियम सोडतात. ते मणी वरचेवर मिठाच्या पाण्याने धुवावे लागतात. चोपण जमिनीत जिप्सम घालून आपण सोडियम घालवितो. येथे क्रिया नेमकी उलट होते. म्हणून ते धोवण शेत व विहीर टाळून नेण्याची सोय नसेल, तर यंत्र घेऊ नये.