बियाण्याचा गहू शिजवताना : पाणी दाण्यात हवं, दाण्यावर नको



धिंगरी अळिंबीचे बेड आता आपल्या बऱ्याच गटांत लागतात. काड कसं भिजवायचं, किती उकळायचं, मुठीत पिळून ओल कशी बघायची, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. घोडं अडतं ते बियाण्यापाशी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून बियाणं आणायचं म्हणजे आधी नंबर लावा, मग एसटीने या, आणि उन्हाळ्यात पिशवी वाटेतच तापते. म्हणून काही गटांनी मातृबियाण्याची बाटली आणून त्यावरून घरीच बियाणं वाढवायला सुरुवात केली. त्यातल्या बऱ्याच पिशव्या आंबल्या. पिशव्या मी पाहिल्या, वासही घेतला. कारण बहुतेक ठिकाणी एकच, धान्याची ओल.

बियाणं बियाणं म्हणतो, पण ते बी नव्हेच. शिजवलेल्या गव्हावर किंवा ज्वारीवर वाढवलेली ती अळिंबीची बुरशी असते. तिला दाण्यातलं पीठ खायला लागतं आणि दाण्यातलंच पाणी प्यायला लागतं. पण पाणी दाण्याच्या वर राहिलं तर तिच्याआधी जिवाणू पोट भरतात. ते बुरशीपेक्षा कितीतरी भराभर वाढतात. मग दाणे चिकट होतात, चकाकतात आणि आंबूस वास येतो. उलट दाणा आत कोरडा राहिला तर पांढरे धागे थोडे पसरून थांबतात. म्हणून पाणी दाण्यात हवं, दाण्यावर नको. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

धान्य घरच्या कोठीतलं घ्या. गहू चालतो, ज्वारीही चालते. मला स्वतःला नवख्या हाताला गहू बरा वाटतो, कारण ज्वारी बारीक असते आणि बघता बघता फुटते. कीटकांची गोळी ठेवलेलं किंवा पावडर लावलेलं धान्य नको. पेरणीसाठी आणलेलं रंगीत, औषध लावलेलं बियाणं तर अजिबात नको. त्या औषधाने अळिंबीची बुरशीही मरते, आणि ते धान्य किंवा त्याचं पाणी कोंबड्यांच्या, गुरांच्या तोंडी गेलं तर वेगळीच आफत. फुटके, किडके दाणे निवडून काढा. फुटक्या दाण्यातून पीठ बाहेर येतं आणि सगळी पिशवी चिकटते.

धान्य दोन-तीन पाण्यांनी धुवून रात्री भिजत घाला. ८ ते १२ तास पुरे. कडक उन्हाळ्यात ८ तासच ठेवा आणि मध्ये एकदा पाणी बदला, नाहीतर तिथेच आंबायला लागतं. भिजवण्याचा आणखी एक फायदा आहे. धान्यावर काही जिवाणू कवचात झोपलेले असतात, ते उष्णतेला दाद देत नाहीत. भिजल्यावर ते जागे होतात आणि जागे झालेले कुकरमध्ये सहज मरतात.

सकाळी पाणी ओतून टाका, नवीन पाण्यात धान्य शिजायला ठेवा. भिजलेल्या गव्हाला उकळी फुटल्यावर साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. पण घड्याळापेक्षा दाण्यावर विश्वास ठेवा. घुगऱ्या आपण करतोच ना, तर घुगऱ्यांच्या जरा आधी उतरवायचं. दाणा बोटांत दाबला की दबला पाहिजे, पण फुटायला नको. नखाने दोन तुकडे करून बघा. मध्ये खडूसारखा पांढरा कोरडा ठिपका दिसला तर अजून पाणी आत पोचलेलं नाही. मूठभर दाण्यांत चार-पाच फुटलेले चालतील. त्याहून जास्त फुटले तर तो गहू घरी खा, पिशवीत भरू नका.

आता खरी चूक होते ती जागा. शिजलं की चाळणीत उपसायचं आणि लगेच भरायचं, असं चालत नाही. चाळणीतून पाणी गळायचं थांबलं म्हणजे दाणा कोरडा झाला असं नाही. स्वच्छ सुती कापडावर सावलीत पातळ पसरा, हाताने मधूनमधून वर-खाली करा. अर्धा तास लागेल, पावसाळ्यात पंखा लावूनही तास-दीड तास लागेल. उन्हात नको, वरून साल तडकतं आणि आतली ओलही जाते. झालं का ते बघायला मूठभर दाणे वर्तमानपत्रावर ठेवा आणि मिनिटाने उचला. कागद ओला झाला तर अजून थांबा.

आणि ज्यांच्याकडे वजनकाटा आहे त्यांच्यासाठी सर्वांत खात्रीची खूण. १ किलो कोरडा गहू शिजवून, निथळून, वरून सुकल्यावर साधारण १ किलो ६०० ते १ किलो ७५० ग्रॅम भरला पाहिजे. म्हणजे आत ४५ ते ५० टक्के ओल झाली. २ किलोच्या जवळ गेला तर पाणी जास्त आहे, अजून पसरून ठेवा. दीड किलोही भरला नाही तर तो कच्चा राहिला किंवा फार सुकला. दर वेळी हे वजन गटाच्या वहीत लिहीत चला. कुठली पिशवी का बिघडली ते वहीच सांगेल.

सुकलेल्या दाण्यांना १ किलो कोरड्या धान्यामागे २० ग्रॅम जिप्सम आणि ५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट चोळा. जिप्समने दाणे सुटे राहतात, कॅल्शियम कार्बोनेट आंबटपणा मारतं. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे पानाला लावायचा चुना नव्हे, तो घालू नका.

पिशवी पीपीची घ्या, ती उष्णता सहन करते. पाव ते अर्धा किलो दाणे, दोन तृतीयांशच भरा. तोंडाला गादीचा कापूस घट्ट बसवा. दवाखान्यातला कापूस पाणी ओढतो, तो नको. कापसावर कागद बांधा. कुकर मोठा हवा. आत उंच जाळी ठेवून पिशव्या पाण्याच्या वर राहतील अशा ठेवा, खाली दीड लिटर तरी पाणी असू द्या. वाफ जोरात यायला लागल्यावर शिट्टी लावा. पहिल्या शिट्टीनंतर आच इतकी बारीक करा की नुसती फुसफुस ऐकू येईल, आणि तिथून दीड तास मोजा. आच मोठी राहिली तर पाणी आटतं आणि कुकर धोक्याचा होतो, म्हणून शेतात जाऊ नका, तिथेच थांबा. गॅस बंद केल्यावर कुकर आपोआप थंड होऊ द्या.

बाहेर काढलेल्या पिशवीच्या आतून थेंब दिसतील. रात्रभर थंड झाल्यावर पिशवी हलवून दाणे मोकळे करा म्हणजे ते थेंब सगळ्या दाण्यांत शोषले जातात. तळाशी पाणी साचलेलं दिसलं तर त्या पिशवीत मातृबियाणं घालून वाया घालवू नका. बाकीच्यांत पंखा बंद करून, हात स्पिरिटने पुसून, दिव्याच्या ज्योतीजवळ मातृबियाणं घाला. २५ अंशांच्या आसपास, अंधारात ठेवलं की दोन-अडीच आठवड्यांत पिशवी पांढरी होते. आपण तयार केलेल्या पिशवीवरून पुन्हा पुढच्या पिशव्या करत बसू नका. जोर कमी होत जातो आणि एकीतला रोग दहांत जातो.

एक स्पष्टच सांगते. वर्षात चार-पाच बेड लावणाऱ्या ताईने हा खटाटोप करू नये, तिला तयार बियाणं आणलेलंच परवडतं. प्रत्येक घरी कुकर लावण्यापेक्षा चार-पाच गटांत मिळून हात बसलेली एक ताई असावी आणि तिला तिच्या कष्टाचे पैसे मिळावेत.

आंबूस वास आलेली किंवा हिरवी पडलेली पिशवी बेडच्या खोलीत उघडू नका, वास घ्यायला कापूसही काढू नका. हिरव्या बुरशीची धूळ हवेवर जाते आणि चांगल्या बेडवर बसते. तशीच बंद पिशवी पुन्हा कुकरमध्ये तासभर वाफवा, मग घरापासून लांब खड्ड्यात दाणे पुरा. पिशवी मात्र वेगळी काढा, ती मातीत कुजत नाही.