दुर्बिणीवरचा मोठा आकडा

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षिसप्ताह म्हणून साजरा होतो. तो तोंडावर आला की बुलडाण्यात मला हमखास फोन येऊ लागतात. शाळेसाठी दुर्बीण घ्यायची आहे, मुलीला वाढदिवसाला द्यायची आहे, निवृत्त झालो, आता सकाळी येळगाव धरणावर फिरायला जातो. दहा-पंधरा हजारांत कोणती येईल? उत्तर देण्याआधी मी त्यांना एका शाळेचा अनुभव सांगतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका शाळेनं लोकवर्गणी काढून पाच दुर्बिणी मागवल्या होत्या. पेटीवर झूमचा भला मोठा आकडा, ‘रात्रीही स्पष्ट दिसते’ असा दावा आणि पुढच्या भिंगांवर आरशासारखा चमकणारा तांबडा लेप. मुलांना घेऊन आम्ही येळगावच्या पाण्यावर गेलो. सातवीतल्या एका मुलीनं दुर्बीण डोळ्याला लावली, बराच वेळ चाक फिरवलं आणि म्हणाली, “सर, मले दोन दोन बगळे दिसून राहिले.” काठावर बगळा एकच होता. दुर्बिणीच्या दोन नळ्या एका रेषेत नव्हत्या, त्यामुळे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं मिळत होती. मुलं एक डोळा मिटून बघायला लागली, थोड्या वेळानं डोकं दुखतं म्हणाली आणि शेवटी दुर्बिणी ठेवून चिंचेखाली जाऊन बसली. विकणाऱ्यानं पेटी उघडली या सबबीवर माल परत घ्यायला नकार दिला. पैसे गेलेच, पण पक्षी बघणं हे डोकेदुखीचं काम असतं एवढंच त्यातली काही मुलं घरी घेऊन गेली. मला हे नुकसान फार मोठं वाटतं.

दुर्बिणीवर ‘८ बाय ४२’ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट जवळ दिसणार याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. गिऱ्हाईक पहिल्या आकड्यावर भाळतं, म्हणून विकणारे तोच फुगवतात. दुसऱ्याला पहिल्यानं भागा. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. एवढ्या मिलिमीटर रुंदीचा उजेडाचा झोत डोळ्यापर्यंत पोहोचतो. पहाटेच्या अंधुक प्रकाशात आपली बाहुली साधारण तेवढीच उघडते, वय वाढलं की थोडी कमी. तेच ‘२० बाय ५०’मध्ये झोत उरतो अडीच मिलिमीटर. पक्षी बोलके असतात नेमक्या त्या वेळी चित्र काळवंडतं. शिवाय वीस पट जवळ आलेल्या चित्राबरोबर हाताचा कंपही वीस पट होतो. तिपाईशिवाय ती दुर्बीण वापरताच येत नाही.

आता आपल्या जिल्ह्यापुरतं बोलू. लोणारच्या विवराचा वरचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खाली पाणी पसरलंय सुमारे १.२ किलोमीटर. म्हणजे काठावर उभं राहिलं तर पाण्याची कड आडव्या अंतरानं तीनशे मीटरच्या आसपास आणि खोली शंभर मीटरहून बरीच जास्त. आठ पटीच्या दुर्बिणीतून काठालगतचा शेकाट्या चाळीस-पन्नास मीटरवर उभा असल्यासारखा दिसतो. ओळखायला तेवढं पुरे. तिथे माणसं वीस पटीची स्वप्नं बघतात, पण ऊन चढलं की विवराच्या उतारावरची हवा थरथरू लागते आणि जास्त पटीची दुर्बीण ती थरथरही तितकीच मोठी करून दाखवते. फेब्रुवारीनंतर सकाळी दहाच्या पुढे हा त्रास वाढतच जातो. त्याला महागडी दुर्बीण हा इलाज नव्हे. लवकर उठणं, पायवाटेनं खाली उतरणं हाच इलाज. २०२० मध्ये रामसर यादीत गेलेल्या या सरोवराभोवतीच्या झाडीत स्वर्गीय नर्तक दहा-बारा मीटरवर फांद्या बदलत असतो. त्याला चित्रात पकडायला पट नव्हे, रुंदी लागते.

दहा पटीच्या बाजूनं एकच गोष्ट प्रामाणिकपणे सांगावी लागते, खडकपूर्णाचा फुगवटा. देऊळगाव मही परिसरात हिवाळ्यात पट्टकादंब, चक्रवाक पाण्याच्या पार मधल्या उथळीवर बसतात आणि तिथे ‘१० बाय ४२’चा फायदा होतो. ज्याचा हात स्थिर आहे आणि ज्याचं फिरणं मुख्यतः धरणांवर आहे त्यानं ती जरूर घ्यावी. पण बोथ्याकडच्या ज्ञानगंगेच्या सागवानात, शेताच्या बांधावर, घराच्या गच्चीवर आठच बरी. पहिली आणि एकमेव दुर्बीण घेणाऱ्याला मी ‘८ बाय ४२’ सोडून दुसरं काही सुचवत नाही.

आकडे सारखे असूनही एक दुर्बीण चार हजारांना आणि दुसरी पंचवीस हजारांना का मिळते, हा पुढचा प्रश्न. फरक काचेत आणि लेपात आहे. आत लोलक असतात, ते ‘बॅक-४’ काचेचे असावेत. प्रत्येक भिंगाच्या प्रत्येक पृष्ठावर अनेक पदरी लेप असेल तर पेटीवर ‘फुली मल्टि-कोटेड’ लिहितात. नुसतं ‘कोटेड’ म्हणजे कुठेतरी एखादा थर. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत ‘फेज कोटिंग’ असेल तर बारकावे आणखी उठून दिसतात. हे चोचले वाटतील, पण चिखलात छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा शेजारी चरत असताना एकाचे पाय काळे आणि दुसऱ्याचे पिवळसर, हा फरक याच लेपावर ठरतो.

चष्मेवाल्यांनी एक आकडा विसरू नये. पेटीवर ‘आय रिलीफ’ म्हणून मिलिमीटर दिलेले असतात, म्हणजे डोळा भिंगापासून किती लांब असला तरी पूर्ण चित्र दिसेल. चष्मा असेल तर हा आकडा पंधराच्या वर हवा. निकॉनची ‘अ‍ॅक्युलॉन ए२११’ ही ‘८ बाय ४२’ कमी पैशांत फार रुंद आणि उजळ चित्र देते, एक किलोमीटरवर १४० मीटर रुंदीचं. पण तिचा आय रिलीफ १२ मिलिमीटर, वजन साडेसातशे ग्रॅम आणि ती पाणबंद नाही. बिनचष्म्याच्या तरुणाला ती उत्तम, माझ्या वयाच्या माणसाला चित्राची कडा कापलेली दिसेल. थोडे पैसे वाढवले तर त्याच कंपनीची ‘प्रोस्टाफ पी३’ हलकी आणि पाणबंद आहे. वीस हजारांच्या पुढे जायची तयारी असेल तर ‘मोनार्क एम५’, फेज कोटिंगसह. याच पट्ट्यात इतर कंपन्यांच्याही चांगल्या दुर्बिणी आहेत. किंमत सणागणिक हलते, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या.

आपल्याकडे छोट्या गावात चांगल्या दुर्बिणी हाताळायला मिळत नाहीत. अकोला, संभाजीनगर किंवा नागपूर गाठावं लागतं. गेलात तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघून पैसे देऊ नका, दुर्बीण घेऊन दारात या. दूरच्या विजेच्या तारेकडे बघा. तारेच्या कडेला जांभळी-हिरवी झालर जाड दिसत असेल तर काच साधी आहे. तीच तार बघत दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून मागे न्या. दोन नळ्यांमधली तार वरखाली झाली तर नळ्या सरळ नाहीत, तो नग घेऊ नका. मग दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे करा. डोळ्याकडच्या भिंगात उजेडाचे दोन ठिपके दिसतील, ते पूर्ण गोल हवेत. कडा चौकोनी, काळवंडलेल्या असतील तर लोलकाची काच हलकी. घरपोच मागवलीत तर याच तपासण्या पहिल्याच दिवशी करा आणि पेटी उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवा.

दुर्बीण घरी आली की ती आपल्या डोळ्यांना जुळवून घ्यायची असते. उजवी नळी पुढून तळहातानं झाका, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला दूरची पाटी स्वच्छ करा. मग डावी झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याकडची कडी फिरवा. ती खूण लक्षात ठेवा. ज्यांची दुर्बीण ‘नीट दिसत नाही’ म्हणून कपाटात पडलेली असते, त्यातल्या अनेकांनी ती कडी कधी फिरवलेलीच नसते.

काळ्या मातीची धूळ फार बारीक असते. ती रुमालानं किंवा दुपट्ट्यानं पुसली की लेपावर ओरखडे उठतात. आधी फुंकणीनं उडवा, मग मऊ कापड लावा. पावसाळ्यात दुर्बीण तिच्या पिशवीत बंद ठेवली तर आत बुरशी धरते आणि एकदा धरली की ती काढण्याचा खर्च नव्या दुर्बिणीच्या घरात जातो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि पुड्या अधूनमधून उन्हात वाळवा.

शाळांना माझी विनंती आहे: पाच स्वस्त दुर्बिणींऐवजी एक चांगली घ्या, रांग लावून मुलांना दाखवा, आणि खरेदी सप्टेंबरमध्येच उरका. नग खराब निघाला तर बदलून आणायला पक्षिसप्ताहाआधी महिनाभर हाताशी राहतो.