पुस्तक एक, मते अनेक

एखादे पुस्तक वाचून संपले की आपण ते मिटतो आणि शेजारच्या मित्राला विचारतो, "तुला कसे वाटले?" प्रश्न दिसायला साधा आहे, परंतु त्याचे उत्तर देताना भल्याभल्यांची त्रेधा उडते. कोणी "छान!" म्हणून मोकळा होतो, तर कोणी "कंटाळवाणे" म्हणून हात झटकतो. दोघांची उत्तरे जुळली नाहीत म्हणजे वादाला तोंड फुटते, आणि त्या वादात पुस्तक बिचारे बाजूलाच राहून माणसे एकमेकांच्या बुद्धीची मापे काढू लागतात. पुस्तकाविषयी मत द्यावयाचे ते कसे, याचा विचार आज आपण एका प्रसिद्ध कथामालेच्या आधाराने करू.

जे. के. रोलिंग या ब्रिटिश लेखिकेने हॅरी पॉटर नावाच्या मुलाची कथा सात भागांत लिहिली. पहिला भाग १९९७ साली निघाला. त्या वेळी त्याच्या अवघ्या ५०० प्रती छापल्या होत्या! सातवा भाग २००७ साली आला, तेव्हा तो घेण्यासाठी देशोदेशी दुकानांपुढे रांगा लागल्या. आईबापांना पारखा झालेला हा मुलगा मावशीच्या घरी जिन्याखालच्या अंधाऱ्या कोठडीत वाढतो, आणि अकराव्या वाढदिवसाच्या सुमारास आपण जादूगार आहोत असे त्याला कळते. तेथून पुढे जादूच्या शाळेतील त्याची वर्षे एकेका भागात येतात. ही कथा मराठीतही आली असून पहिल्या भागाचे मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस' असे आहे. इंग्रजी नावात 'तत्त्वज्ञाचा दगड' आहे. तो शब्दशः उचलला असता, तर वाचक दारातच अडखळला असता. लोखंडाचे सोने करणारा परीस मात्र आपल्या आजीच्या गोष्टींत आणि संतांच्या वाणीत शतकानुशतके नांदत आलेला आहे. एका शब्दाने परके घर आपले वाटू लागते, ते असे.

आपल्याला पाहावयाचा आहे तो या मालेचा पाचवा भाग, 'हॅरी पॉटर अँड द ऑर्डर ऑफ द फिनिक्स'. चौथा भाग जुलै २००० मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे वाचकांनी वाट पाहिली आणि २१ जून २००३ रोजी हा भाग हाती आला. पहिल्या भागाची ब्रिटिश आवृत्ती २२३ पृष्ठांची होती. ही ७६६ पृष्ठांची! कथाही पालटली होती. पंधरा वर्षांचा हॅरी आता सारखा संतापतो. ज्या दुष्ट जादूगाराने त्याचे आईबाप मारले तो परत आला आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे; पण सरकार ते मानीत नाही आणि वर्तमानपत्र त्याला खोटा ठरविते. शाळेत अम्ब्रिज नावाच्या एक नव्या बाई येतात. त्यांचा पोशाख गुलाबी, बोलणे मधाळ आणि वागणे निष्ठुर. शेवटी शेवटी हॅरीचे एक अतिशय जवळचे माणूस मृत्यू पावते. त्याचे नाव मी येथे सांगत नाही. ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही, त्यांच्या उत्कंठेवर विरजण घालण्याचा मला अधिकार नाही.

या भागाविषयी एकमत झाले नाही. मोठमोठ्या लेखकांचेही झाले नाही. जुलै २००३ मध्ये, म्हणजे पुस्तक निघून महिनाही झाला नव्हता तोच, दोन नामवंतांनी आपापली मते मांडली. ए. एस. बायट या इंग्रज कादंबरीकार विदुषीला ही माला फारशी रुचली नाही. हे जादूचे जग जुन्या बालवाङ्मयातील तुकडे जोडून शिवलेले आहे, त्यात खऱ्या गूढतेचा थरार नाही, आणि प्रौढ माणसांनी त्याच्या इतके नादी लागावे याचे नवल वाटते, असा त्यांचा सूर होता. स्टीफन किंग हे भयकथांसाठी विख्यात असलेले अमेरिकन लेखक. त्यांनी लेखिकेच्या कल्पनाशक्तीची मनमोकळी स्तुती केली आणि अम्ब्रिजबाईंसारखे खलपात्र फार दिवसांत कोणी रंगविले नव्हते, असे म्हटले. तथापि आवडलेल्या पुस्तकातील उणीवही त्यांनी झाकली नाही. पात्रे बोलतात तेथे तेथे लेखिका क्रियाविशेषणांची खैरात करते, अशी त्यांची तक्रार होती. 'तो रागाने म्हणाला', 'ती हळूच म्हणाली', 'तो घाईघाईने म्हणाला' असे पानोपानी येऊ लागले म्हणजे बोलण्यातील राग बोलण्यातूनच दिसावा, हे लेखक विसरतो. तुमच्या निबंधाच्या वह्या एकदा या दृष्टीने चाळून पाहा!

आता थोरांकडून लहानांकडे वळू. शिर्डीतील एका शाळेत सातवी-आठवीच्या मुलांचे वाचनमंडळ शनिवारी भरत असे. सेवानिवृत्तीनंतर मीही अधूनमधून तेथे जाऊन बसे. एका शनिवारी याच पाचव्या भागावर चर्चा ठरली होती. पुस्तक जाड असल्याने ते सर्वांच्या हातांतून फिरण्यास दोन-तीन महिने लागले होते.

सुरुवात आठवीतील एका मुलीने केली. ती म्हणाली, "मला हा भाग आवडला नाही. आधीच्या भागांत हॅरी धीट होता, पण समंजसही होता. यात तो उगाच चिडतो. जे मित्र त्याच्यासाठी जीव टाकतात, त्यांच्यावरच ओरडतो. मला तो परका वाटू लागला."

लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "तुला जाड पुस्तक झेपत नाही, असे म्हण की!" वर्ग हसला. मुलगी खाली बसली आणि तिने वही मिटली.

तेथील शिक्षकांनी हसणे थांबू दिले, मग त्या मुलाला विचारले, "ती हॅरीविषयी बोलली. तू कोणाविषयी बोललास?" मुलगा गप्प राहिला. मला वाटते, पुस्तकांवरील निम्मे वाद या एका प्रश्नाने मिटतील.

त्यानंतर सातवीतील एका मुलाने निराळाच मुद्दा काढला. त्याच्या घरी असे मत होते की, जादूच्या गोष्टी म्हणजे निव्वळ खोटेपणा. त्या वाचण्यात वेळ दवडण्यापेक्षा चार गणिते सोडवावीत. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि तो आपल्या मराठीला नवाही नाही. १८६१ च्या सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणण्यास आरंभ केला, आणि दिव्यातला राक्षस महाराष्ट्रातल्या घराघरांत शिरला. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' ही अद्भुताने ओथंबलेली कादंबरी निघाली. अशी पुस्तके लोक आवडीने वाचू लागले. मग १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध' लिहून या प्रकारच्या लेखनातील असंभाव्य गोष्टींवर कठोर टीका केली. म्हणजे अद्भुत हवे की नको, या प्रश्नावर आपले पणजोबा-खापरपणजोबाही भांडलेले आहेत.

मला स्वतःला असे वाटते की, जादू खरी की खोटी, हा प्रश्न विचारून अद्भुतकथेचे मोल कळत नाही. इसापाचा कोल्हा द्राक्षांविषयी बोलतो. कोल्हे बोलत नाहीत हे आपल्याला ठाऊक असते, तरी त्याची लबाडी आपल्याला पटते. विचारावयाचे ते एवढेच, की गोष्टीने आपले जे नियम घालून दिले, ते ती पाळते का? आणि त्या नियमांच्या आत वावरणारी माणसे माणसांसारखी वागतात का? दिव्यातून राक्षस निघाला हे आपण मान्य करतो. पण भित्रा नायक काही कारण न घडता शेवटच्या पानावर एकाएकी शूर झाला, तर मात्र आपण पुस्तक आपटतो. हॅरीच्या रागालाही हीच कसोटी लावावयास हवी. तो राग कारणाचा आहे की अकारण?

हे सारे बोलणे चालू असता खिडकीजवळचा एक मुलगा नुसता ऐकत होता. तो फारसा बोलत नसे, असे मला नंतर समजले. तो उठला आणि म्हणाला, "सर, हॅरी उगाच चिडत नाही. सुटीभर त्याला कोणी काहीच कळवीत नाही. मित्रांची पत्रे येतात, पण त्यांत खरे काही नसते. गेल्या वर्षी माझे वडील दोन महिने दवाखान्यात होते. घरात सगळे हळू बोलत. मी गेलो की बोलणे थांबे. आई म्हणे, 'काही नाही रे, तू अभ्यास कर.' एक दिवस मी आजीवर खूप ओरडलो. तिची काही चूक नव्हती. हॅरी मित्रांवर ओरडतो ते प्रकरण मी तीन वेळा वाचले."

वर्गात कोणी हसले नाही. थोड्या वेळाने आठवीतल्या त्या मुलीने विचारले, "ते कोणते प्रकरण?" त्याने सांगितले, "चौथे." तिने ते वहीत लिहून घेतले.

याच पुस्तकाच्या शेवटी जादूच्या शाळेचे वयोवृद्ध मुख्याध्यापक हॅरीपाशी कबूल करतात की, त्याच्या भल्यासाठी म्हणून आपण त्याच्यापासून गोष्टी लपविल्या, ही आपली चूक झाली. ज्याने उभी हयात मुख्याध्यापकाच्या खुर्चीत काढली, त्याला ती पाने वाचताना खुर्ची जराशी टोचते. लहान वाचकांचे लक्ष तिकडे क्वचितच जाते; त्या मुलाचे मात्र गेले होते.

येथे कोणी म्हणेल की, मग ज्याचे त्याचे मत खरे. चर्चा हवीच कशाला? तसे मात्र नाही. तुम्ही शिर्डीचे असा वा नसा, एक उदाहरण तुम्हाला सहज कळेल. साईबाबांच्या समाधीचे दर्शन घेऊन परतणाऱ्या चौघांना विचारा, काय पाहिले? एक पहाटेच्या काकड आरतीविषयी सांगेल, दुसरा रांगेत ताटकळलेल्या तासांविषयी, तिसरी द्वारकामाईतील धुनीविषयी, आणि चौथ्याला, विशेषतः तो तुमच्या वयाचा असेल तर, प्रसादाचा लाडूच आठवेल. चौघेही खरे बोलतात. जो जेथे रेंगाळला तेथले त्याने सांगितले. परंतु पाचवा येऊन "शिर्डी गोदावरीच्या काठावर वसलेली आहे" असे म्हणू लागला, तर त्याला आपण मतभेद म्हणणार नाही. गोदावरी कोपरगावावरून वाहते, शिर्डीवरून नव्हे. नकाशा उघडला की वाद संपला.

पुस्तकाचेही असेच आहे. "हॅरीचा राग मला सोसवत नाही," हे मत झाले, आणि ते ज्याचे त्याने ठेवावे. "हॅरी विनाकारण रागावतो," हे मत नव्हे, ते पुस्तकाविषयीचे विधान आहे. त्याचा निवाडा पुस्तकाची पाने करतील. त्या मुलीच्या बोलण्यात ही दोन्ही एकत्र मिसळली होती. खरे सांगायचे, तर छापील परीक्षणांतही ती पुष्कळदा मिसळलेली आढळतात, आणि तेथे टोकणारे शिक्षक नसतात.

पुढच्या शनिवारी ती मुलगी वही घेऊनच उभी राहिली. तिने चौथे प्रकरण पुन्हा वाचले होते. ती म्हणाली, "राग विनाकारण नाही, हे मी मान्य करते. पण कारण कळल्यावरही तो शेकडो पाने मला जड गेला. पुस्तक लांबले आहेच." आणि कोणता भाग तिने गाळला असता, ते तिने पृष्ठांक देऊन सांगितले. मागच्या बाकावरचा तो मुलगा या वेळी आपण होऊन तिच्या बाजूने बोलला. अम्ब्रिजबाईंचा भाग वगळता बाकी सारे आटोपशीर करता आले असते, असे त्याचेही म्हणणे पडले.

तेव्हा शिक्षकांनी एक माहिती पुरविली. पुढे एका मुलाखतीत खुद्द लेखिकेनेच, हा भाग आणखी लहान होऊ शकला असता, असे म्हटले आहे. मुलीचा चेहरा उजळला. "बघा! मी म्हणत होते ना!"

खिडकीजवळच्या मुलाने मान हलविली. "लेखिका म्हणोत," तो म्हणाला, "मला त्यातले एकही पान कमी नको."

यावर त्या शनिवारी घंटा होईपर्यंत चर्चा चालू राहिली.