टाइम-वेटचा सॉकेट आणि पुरवठादाराचा खुलासा

लिनक्स कर्नल चालू वाहतुकीत कोसळला, की ठपका प्रथम यंत्रावर, मग ते यंत्र सांभाळणाऱ्यावर आणि अगदीच नाइलाज झाला तर शेवटी मॉड्यूल लिहिणाऱ्यावर ठेवावयाचा, अशी एक रीत आमच्या व्यवसायात रूढ झालेली आहे. आणि या रीतीचा जाच ज्याने सोसला आहे त्याने ती हकिगत तपशिलासह लिहून ठेवली, तर पुढच्यांचा काही त्रास वाचेल, अशा समजुतीने मी हे लिहीत आहे. मनातला राग अद्याप गेलेला नाही, हे मी लपवीत नाही.

आमच्या पुण्याच्या कचेरीतील गेटवेवर एका पुरवठादाराचे मॉड्यूल चाले. करारान्वये त्याचा मूळ कोडही आमच्या ताब्यात होता. नेटफिल्टरच्या लोकल-इन हुकवर बसून आत येणाऱ्या प्रत्येक पॅकेटच्या एसकेबीतील एसके हा पॉइंटर घ्यावयाचा, त्यावरून सॉकेटचा मालक शोधावयाचा आणि त्याची नोंद करावयाची, एवढेच त्याचे काम. गर्दीच्या वेळी कर्नल कोसळू लागला, तेव्हा पुरवठादाराचा पहिला खुलासा आला, की रॅम सदोष असावी. रॅम बदलली, पडझड चालूच राहिली. दुसरा खुलासा आला, की त्यांच्या प्रयोगशाळेत असे काही घडत नाही. तिसऱ्या खेपेस एक दुरुस्ती आली: सॉकेटमधून वाचलेला मालकाचा पॉइंटर नल असेल तर पुढे जाऊ नये, अशी एका ओळीची अट. तिने पडझड कमी झाली, थांबली नाही; तरी ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून तक्रार निकाली काढली गेली, आणि बैठकीत त्यांच्या वरिष्ठ अभियंत्याने माझ्यादेखत माझ्या साहेबांना सांगितले, “साहेब, कोड आमचा आहे, तो आम्हांला कळतो. तुमच्या माणसाने उगाच बाऊ केला आहे.” ते वाक्य मी विसरलेलो नाही.

केडंपने राखून ठेवलेली स्मृतीची प्रत क्रॅश या साधनात उघडून, मॉड्यूल ज्या सॉकेटपाशी अडखळले होते त्याचे कच्चे बाइट मी ओळीने वाचू लागलो. शून्यापासून मोजता सोळाव्या बाइटपासून ०२ ००, म्हणजे आयपीव्ही४; आणि लगेच पुढे, अठराव्यावर, ०६. तेथे ०१ असते, तर चालू जोडणीचा सॉकेट समजून मी पुढे गेलो असतो. सहा म्हणजे टाइम-वेट. तो पत्ता कोणत्या स्लॅबमधला आहे हे विचारताच उत्तर आले: टीडब्ल्यू_सॉक_टीसीपी. इतके दिवस ज्याला सारे जण सॉकेट समजत होते तो पूर्ण सॉकेट नव्हताच. दोष रॅमचा नव्हता, आमच्या वाहतुकीचा नव्हता आणि माझ्या कल्पनेचा तर मुळीच नव्हता. ते निखळ टाइप कन्फ्यूजन होते.

जोडणी मिटली, की ती प्रथम मिटविणाऱ्या बाजूस टीसीपी मोठ्या सॉकेटच्या जागी एक लहानसा सॉकेट ६० सेकंद ठेवतो, आणि दोहोंत आरंभीचा सॉक_कॉमन हा भाग तेवढा सामाईक असतो. पहिले पान एकाच छापील नमुन्याचे असलेली दोन दप्तरे असावीत, आणि कारकुनाने पहिले पान पाहून दुसऱ्यातही शंभरावे पान असणारच असे गृहीत धरावे, तसा हा प्रकार. पॅकेट येताच त्याचा सॉकेट शोधणारी कर्नलमधील अर्ली डीमक्स ही सोय तो लहान सॉकेट हॅश-टेबलात शोधून एसकेबीला जोडते. पॉइंटरचा जाहीर प्रकार मात्र पूर्ण सॉकेटचाच राहतो आणि कंपायलर अवाक्षर काढीत नाही. आमचे मॉड्यूल त्या लहान वस्तूची हद्द ओलांडून शेजारच्या वस्तूंतले बाइट वाची. तेथे शून्य असले, तर नलची अट त्यास परत फिरवी. कचरा असला, तर कर्नल कोसळे. आणि दैववशात् वाचण्याजोगा पत्ता असला, तर भलत्याच वापरकर्त्याच्या नावे नोंद होण्याचा संभव राही. ही तिसरी शक्यता मला सर्वांत भयंकर वाटते, कारण कोसळलेले यंत्र निदान कोणाच्या तरी नजरेस पडते.

हे सर्व लेखी कळविल्यावर उत्तर काय यावे? अर्ली डीमक्स बंद ठेवा. तसे केल्याने पडझड थांबली, यात शंका नाही; परंतु एसकेबीला सॉकेट जोडणारा तो एकच मार्ग नव्हे. कर्नलमधील टीप्रॉक्सीचा मार्गही टाइम-वेटचे सॉकेट असेच जोडीत असे, आणि त्याने कर्नल कोसळू शकतो म्हणून २०११ साली ते बंद करण्यात आले. इतका जुना आणि उघड दाखला असताना, आपला कोड आपल्याला कळतो असे म्हणणाऱ्यांनी तो पाहिलेला नसावा, याचे मला आजही वैषम्य वाटते.

दुरुस्ती चुकणे हा अपराध नव्हे. खुद्द कर्नलमध्येही ती चुकली आहे. तेथील टन आणि टॅप या आभासी नेटवर्क-उपकरणांचे सॉकेट त्यांच्या स्वतःच्या रचनेत अंतर्भूत असतात. पण आरंभ करून देणारे सामान्य फंक्शन त्यांच्या शेजारी आयनोड आहे असे धरून चाले, आणि म्हणून यूआयडी चुकीच्या जागेवरून वाचला जाऊन शून्य येई. सीव्हीई-२०२३-१०७६ तो हाच. पहिल्या दुरुस्तीने उपकरण-फाइलच्या मालकाचा यूआयडी घेतला. ती फाइल बहुधा रूटच्या मालकीची, म्हणून उत्तर पुनश्च शून्यच. त्यास सीव्हीई-२०२३-४१९४ हा वेगळा क्रमांक मिळाला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये फाइल उघडणाऱ्या प्रक्रियेचा यूआयडी घेणारी दुसरी दुरुस्ती झाली. आधीच्या दुरुस्तीने व्यवहारात काहीच फरक पडला नव्हता, हे या दुसऱ्या दुरुस्तीच्या टिपणात स्वच्छ लिहिलेले आहे. आमच्या पुरवठादाराकडून असे एक वाक्य आले असते, तर हा लेख लिहिण्याचे मला कारण नव्हते.

आता ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांच्यासाठी. एसकेबीतील सॉकेट हाती येताच प्रथम एसके_फुलसॉक या २०१५ पासून उपलब्ध असलेल्या फंक्शनने तो पूर्ण आहे का ते पाहा. नलची तपासणी त्याची जागा घेऊ शकत नाही. अवस्था १२ असेल, तर ती अर्धवट जोडणीची विनंती होय. एसके_टू_फुल_एसके तिच्यामागचा लिसनर देते. अवस्था ६ असेल, तर मालक उरलेलाच नाही, तेव्हा ‘अज्ञात’ अशीच नोंद करा. हॅश-टेबलातून स्वतः शोधून संदर्भ घेतला असेल, तर तो सोडताना सॉक_पुट न वापरता सॉक_जेन_पुट वापरा, कारण तिन्ही प्रकार ओळखून मोकळे करणारे तेच आहे.

दोष पुन्हा घडवून आणावयाचा असेल, तर जोडणी सर्व्हरकडून प्रथम मिटवा आणि त्याचा शेवटचा अ‍ॅक वाटेतच टाकून द्या. समोरचा आपला फिन पुन्हा पाठवील आणि तो नेमका टाइम-वेटच्या सॉकेटवर येऊन आदळेल. निर्दोष तारांच्या प्रयोगशाळेत, जेथे क्लायंटच नेहमी प्रथम जोडणी मिटवितो, तेथे हे वर्षभर दिसणार नाही. कर्नल केसॅनसह बांधलेला असावा. मग यंत्र कोसळण्याची वाट पाहावी लागत नाही, हद्द ओलांडल्याक्षणी अहवाल मिळतो. बाकी नेहमीचेच: सर्व काही लेखी ठेवा, डंप पुसू नका, बैठकीत आवाज चढवू नका.

आमच्या गेटवेवर शेवटी मी लिहिलेली तपासणी बसली आणि अर्ली डीमक्स पुन्हा सुरू झाले. पुरवठादाराच्या दप्तरी मात्र ती तक्रार आजही ‘दोष आढळला नाही’ याच शेऱ्याखाली आहे. माझी विनंती एवढीच, की ज्यांच्या यंत्रांवर बाहेरून आलेले मॉड्यूल चालते त्यांनी त्याचा कोड मागून घ्यावा, एसकेबीतील सॉकेट कोठे कोठे वाचला आहे ते शोधावे, आणि त्या प्रत्येक ठिकाणी आधी प्रकार तपासलेला नसेल, तर कोणाचाही तोंडी खुलासा न स्वीकारता तेथे ती तपासणी घालून घ्यावी.