भिंतीवरचे बुटके

पोलंड हा युरोप खंडाच्या मध्यभागी असलेला एक प्राचीन देश होय. महाराष्ट्राला तो अगदीच अपरिचित नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत घरादारास मुकलेल्या सुमारे पाच हजार पोलिश लोकांना कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात आश्रय मिळाला होता. त्यांत स्त्रिया व मुले यांचाच भरणा अधिक होता.

या देशाच्या नैऋत्य भागात ओडर नदीच्या काठी व्रोत्सवाफ नावाचे शहर आहे. तेथील रस्त्यांतून हिंडताना प्रवाशाची नजर वारंवार जमिनीकडे वळते. कोठे भिंतीच्या कोपऱ्यात, कोठे दुकानाच्या पायरीवर, तर कोठे पुलाजवळ माणसाच्या गुडघ्याशीही न पोहोचणारे ब्राँझचे बुटके उभे असतात. कोणी नदीकाठी कपडे धूत आहे, कोणी तलवार पेलून उभा आहे, तर दोघे जण एकच गोल धोंडा परस्परविरुद्ध दिशांनी ढकलत आहेत! हिमगौरीच्या गोष्टीतील सात बुटके सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु व्रोत्सवाफचे बुटके केवळ मुलांच्या करमणुकीसाठी जन्मास आलेले नाहीत. त्यांचा जन्म एका कठीण काळात, रात्रीच्या अंधारात झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये सोव्हिएत रशियाच्या वर्चस्वाखाली कम्युनिस्ट पक्षाचे राज्य आले. वर्तमानपत्रांत काय छापावे व काय छापू नये, हे सरकार ठरवीत असे. बाजारात नित्याच्या वस्तूंचा तुटवडा असे, आणि साध्या साध्या जिनसांसाठी लोकांना लांबलचक रांगांत तिष्ठत राहावे लागे. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्क बंदरातील जहाजबांधणी कारखान्याच्या कामगारांनी लेक वालेसा यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. त्यातून ‘सॉलिडॅरिटी’ म्हणजे ‘एकजूट’ नावाची स्वतंत्र कामगार संघटना उदयास आली, आणि पाहता पाहता तिची सभासदसंख्या सुमारे एक कोटीवर गेली. हे सामर्थ्य पाहून सरकार बिथरले. १३ डिसेंबर १९८१ रोजी जनरल यारुझेल्स्की यांनी देशात लष्करी कायदा पुकारला. रस्त्यांवर रणगाडे आले, दूरध्वनी बंद पडले, रात्रीची संचारबंदी सुरू झाली आणि हजारो लोकांना स्थानबद्ध करण्यात आले.

उघडपणे बोलण्याची सोय उरली नाही, तेव्हा लोक भिंतींच्या द्वारे बोलू लागले. रात्री कोणी तरी भिंतीवर सरकारविरोधी घोषणा लिहून जाई. सकाळी सरकारी माणसे रंगाची बादली घेऊन येत व ती घोषणा पुसून टाकीत. परंतु घोषणा गेली तरी तिच्या जागी रंगाचा ओबडधोबड डाग उरे. त्या डागाखाली काय दडले आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असे. लवकरच शहरातील भिंती अशा मुक्या डागांनी भरून गेल्या.

या डागांकडे एका तरुणाचे लक्ष गेले. त्याचे नाव वाल्देमार फिद्रिख. १९५३ साली जन्मलेल्या या तरुणाने व्रोत्सवाफ विद्यापीठात इतिहास व कलेचा इतिहास या विषयांचे अध्ययन केले होते. मित्रमंडळीत तो ‘मेजर’ या नावाने ओळखला जाई. ३० ऑगस्ट १९८२ च्या रात्री तो एका मित्रासह रंग व कुंचला घेऊन बाहेर पडला. पण त्याने नवी घोषणा लिहिली नाही. पुसलेल्या घोषणेच्या डागावर त्याने टोकदार टोपी घातलेला एक हसरा बुटका काढला! पुढे वॉर्सा, क्राकोव, वूच, ग्दान्स्क अशा शहरांतही बुटके प्रकट झाले, आणि थोड्याच काळात त्यांची संख्या हजारावर गेली.

वरवर पाहता हा पोरखेळ वाटतो. घोषणेने सरकारला आव्हान दिले असते. बुटक्याने काय साधले? याचे उत्तर बुटक्याच्या निरुपद्रवीपणातच आहे. घोषणा लिहिणाऱ्यास पकडून शिक्षा करता येते. परंतु टोपीवाल्या बुटक्याचे चित्र काढणारास कोणत्या अपराधाबद्दल शिक्षा करावयाची? बुटका पुसावा, तर एवढे बलाढ्य सरकार एका बुटक्यास भ्याले, असे लोक म्हणणार. तो तसाच ठेवावा, तर पाहणारास त्याच्याखालच्या डागाची व डागाखालच्या घोषणेची आठवण होणार. अशा रीतीने सत्ताधीश दोन्हीकडून पेचात सापडले.

एकदा चित्र काढीत असता फिद्रिख पोलिसांच्या हाती लागला. चौकीत त्याने मोठ्या गंभीरपणे आपल्या कलेचे तत्त्वज्ञान सांगितले. एक मत, त्याच्या विरोधी मत आणि दोहोंच्या संघर्षातून निर्माण होणारे तिसरे, अधिक पूर्ण असे मत, ही विचारसरणी सत्ताधारी पक्षाला परमप्रिय होती. तिचाच आधार घेऊन तो म्हणाला, की भिंतीवरील घोषणा हा पक्ष, तिच्यावरील डाग हा प्रतिपक्ष, आणि बुटका हा त्या दोहोंचा समन्वय होय! राज्यकर्त्यांचेच शास्त्र त्याने त्यांच्यापुढे आरशासारखे धरले.

जगातील अनेक देशांत १९६० नंतरच्या काळात कलेचा एक नवा प्रकार रूढ झाला. त्यास संकल्पनाकला असे म्हणतात. या कलेत हस्तकौशल्यापेक्षा कल्पनेला अधिक महत्त्व असते. फिद्रिखचा बुटका रेखाटणे एखाद्या शाळकरी मुलासही अवघड नव्हते. त्याचे मोल रेषांत नव्हते. तो कोठे काढला आणि केव्हा काढला, यांत होते. तोच बुटका कागदावर काढला असता तर ते एक सामान्य चित्र ठरले असते. डागावर काढल्यामुळे ते साऱ्या समाजाच्या स्थितीवरील भाष्य झाले.

लष्करी कायदा जुलै १९८३ मध्ये उठला. तथापि दडपण सरले नाही. भिंतीवरचे बुटके मग रस्त्यावर उतरले. फिद्रिख व त्याचे सोबती यांची चळवळ ‘ऑरेंज ऑल्टरनेटिव्ह’ म्हणजे ‘नारिंगी पर्याय’ या नावाने प्रसिद्ध झाली. टंचाईच्या दिवसांत, १९८७ च्या ऑक्टोबरात, त्यांनी भर रस्त्यात लोकांना टॉयलेट पेपरचा एकेक तुकडा सन्मानपूर्वक वाटला. त्याच वर्षी डिसेंबरात ते सांताक्लॉजच्या वेषात निघाले, तेव्हा पोलिसांनी सांताक्लॉजनाच पकडून गाडीत कोंबले. मार्च १९८८ मध्ये फिद्रिख यास अटक होऊन कैदेची शिक्षा झाली. परंतु लेखक-कलावंतांनी निषेधाचा आवाज उठविला आणि त्याची लवकरच सुटका झाली. त्यानंतर १ जून १९८८ रोजी, म्हणजे बालदिनी, नारिंगी टोप्या घातलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांची मिरवणूक व्रोत्सवाफच्या रस्त्यांतून निघाली. ज्या रस्त्यांवर माणसे खाली मान घालून चालत असत, तेथे ती मोकळेपणी हसू लागली.

केवळ हास्याने राजवट उलथली, असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. कामगारांचे संप, देशावरील कर्जाचा बोजा, धर्मसंस्थेचा प्रभाव आणि सोव्हिएत रशियातील बदलते वारे, अशी अनेक कारणे एकत्र आली. १९८९ च्या आरंभी सरकार व विरोधक यांच्यात वाटाघाटी झाल्या. ४ जून १९८९ च्या निवडणुकीत सॉलिडॅरिटीने मोठा विजय मिळविला, आणि पोलंडच्या इतिहासात नवे पर्व सुरू झाले. तरीही बुटक्यांचे कार्य लहान नव्हते. जुलमी सत्ता शस्त्रांवर जितकी अवलंबून असते, तितकीच लोकांच्या मनातील भीतीवरही असते. जो मनुष्य हसतो, त्याची भीती त्या क्षणापुरती तरी दूर होते. आणि दहा हजार माणसे एकदम हसली, की आपण एकटे नाही हे प्रत्येकास उमगते.

या चळवळीचे स्मारक म्हणून २००१ साली व्रोत्सवाफच्या श्विद्नित्स्का रस्त्यावर ब्राँझचा एक बुटका बसविण्यात आला. २००५ मध्ये तोमाश मोचेक या शिल्पकाराने आणखी पाच बुटके घडविले. आता त्यांची संख्या कित्येक शेकड्यांवर गेली आहे. अनेक दुकानांनी व संस्थांनीही आपापले बुटके उभारले आहेत. शहराच्या प्रसिद्धीसाठी बुटक्याचा उपयोग होऊ लागला, तेव्हा स्वतः फिद्रिख यांनी त्यास हरकत घेतली व तो वाद न्यायालयापर्यंत गेला.

चित्राचा खरा धनी कोण, हा प्रश्न आजच्या काळात अधिकच गुंतागुंतीचा झाला आहे. संगणकावरील चित्राच्या हव्या तितक्या प्रती निघू शकतात. म्हणून त्याच्या मालकीचा दाखला संगणकीय नोंदीच्या रूपाने विकला जातो. २०२१ साली असे एक चित्र लिलावात सुमारे ६ कोटी ९३ लाख डॉलरांना विकले गेले. व्रोत्सवाफच्या भिंतीवरील बुटक्याची किंमत मात्र कोणी केली नाही. तो विकत घेता येत नव्हता, घरी नेता येत नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी तो पुसला जाण्याचाही संभव होता. ज्याने तो पाहिला व जो मनात हसला, तो त्याचा धनी झाला. हसण्याची ती ठेव कोणत्याही रंगाच्या बादलीने पुसून टाकता आली नाही.

स्वाध्याय

१. व्रोत्सवाफच्या भिंतींवर रंगाचे डाग का दिसू लागले?
२. बुटक्यांच्या चित्रांमुळे सत्ताधीश पेचात का सापडले?
३. ‘त्याचे मोल रेषांत नव्हते’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. भीती दूर करण्याचे हास्य हे एक साधन कसे ठरते, ते आठ-दहा ओळींत लिहा.